ऑनलाइन कॉलेज कोर्सेस: कुठला विषय घरबसल्या खरंच शिकता येतो?

खिडकीतली_जागा:
नमस्कार मंडळी. पदवी घेऊन बरीच वर्षं झाली. शिक्षण वाणिज्य शाखेचं, नोकरी हिशेबाची. आता परत शिकायचंय, पण कुठल्या परीक्षेसाठी किंवा बढतीसाठी नाही. अर्थशास्त्र मुळापासून समजून घ्यायचंय. त्यासाठी संख्याशास्त्र लागणार असं दिसतंय. आणि तत्त्वज्ञान तेव्हा राहून गेलं, ते आता तरी करावं म्हणते. रात्री दोनेक तास मिळतात.

शोधायला बसलं की यादी संपत नाही. एकेका विषयाचे शेकडो कोर्स, प्रत्येकाला साडेचार तारे. त्यातले निम्मे म्हणजे चकचकीत व्हिडिओ आणि शेवटी पाच प्रश्न, ज्यांची उत्तरं प्रश्न वाचूनच कळतात. मला डोक्याला ताप देणारा, कॉलेजच्या तोडीचा कोर्स हवाय. शिवाय "आता सगळेच विषय ऑनलाइन शिकता येतात" असं जे म्हणतात, ते कितपत खरं? स्वतः केलेल्यांनीच लिहा, जाहिराती वाचून झाल्यात.

बाकावरचा_बंडू:
जागा धरून ठेवतो. सवडीने लिहीन.

शून्यलब्धी:
संख्याशास्त्राचं मी सांगतो. आधी प्रॉबॅबिलिटी पक्की करा, नाहीतर पुढे सगळी सूत्रं पाठ करावी लागतात. हार्वर्डचा स्टॅट ११० नावाचा कोर्स आहे, जो ब्लिट्झस्टीन शिकवतात. सगळी व्याख्यानं यूट्यूबवर आहेत, सरावाची गणितं उत्तरांसकट मोफत मिळतात आणि त्यांचं पाठ्यपुस्तकही ऑनलाइन फुकट वाचता येतं. अट एकच, कॅल्क्युलस आठवत असायला हवं. गंजलं असेल तर एमआयटीचा कॅल्क्युलसचा कोर्स, १८.०१, आधी करा.

एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरबद्दल थोडं, कारण नवीन लोक ते बघून गोंधळतात. २००१ साली त्यांनी जाहीर केलं की आमच्या वर्गात जे शिकवतो त्याचं साहित्य जगासाठी खुलं करणार. आज तिथे अडीच हजारांहून जास्त कोर्स आहेत. नाव नोंदवायचं नाही, मुदत नाही, आणि शेवटी हातात काही कागदही पडत नाही. गिल्बर्ट स्ट्रँग यांचा लिनिअर अल्जिब्राचा १८.०६ तिथलाच. फळा, खडू आणि शांतपणे बोलणारा माणूस, एवढंच. चित्रण १९९९ चं आहे आणि लोक अजून त्यावर शिकतायत. स्ट्रँग सर २०२३ मध्ये निवृत्त झाले, शेवटचं व्याख्यानही रेकॉर्ड झालंय.

आता निवड कशी करायची ते. व्हिडिओ आधी उघडूच नका. गृहपाठाचं पान उघडा. गणितांचे संच आहेत का, उत्तरं दिली आहेत का, जुन्या परीक्षा आहेत का, हे बघा. ते असेल तर कोर्स कामाचा. नुसत्या स्लाइड्स असतील तर पुढे सरका. व्याख्यान बघताना सगळं समजतं हो. कागद पुढ्यात घेतला की कळतं काय समजलं होतं ते.

बाइट_साहेब:
शून्यलब्धींना +१.

कॉम्प्युटरवाल्यांची या बाबतीत चंगळ आहे. हार्वर्डचा सीएस५० घ्या. डेव्हिड मलान शिकवतात. सुरुवात स्क्रॅचपासून, म्हणजे रंगीत ठोकळे जुळवायचे, आणि पुढच्याच आठवड्यात सी भाषा अंगावर येते. नंतर पायथन, एसक्यूएल वगैरे. व्याख्यानांपेक्षा त्यांची तपासणीची यंत्रणा मोलाची. प्रोग्राम लिहिला की तो त्यांच्या चाचण्यांतून जातो आणि कुठल्या इनपुटला गडबडला ते तिथल्या तिथे दिसतं. रात्री दोन वाजतासुद्धा. कुठल्या कॉलेजात एवढ्या वेळा वही तपासून मिळते?

पुढची पायरी म्हणजे प्रिन्स्टनचा अल्गोरिदम्सचा कोर्स, सेजविक आणि वेन यांचा, कोर्सेरा या साइटवर. हा मोफत आहे, सर्टिफिकेट देतच नाहीत, आणि असाइनमेंट तपासणारं यंत्र अतिशय खडूस आहे. उत्तर बरोबर येऊन भागत नाही, वेळ आणि मेमरी किती खाल्ली तेही मोजतं.

करकरीत:
सगळे नेहमीचेच यशस्वी कलाकार. :) गळतीबद्दल कोणी बोलतच नाही.

२०१२ मध्ये एमआयटीचा पहिला मोठा ऑनलाइन कोर्स झाला, सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स. नावं नोंदवली सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी, उत्तीर्ण झाले ७,१५७. बरं, ती सुरुवात होती, पुढे सुधारलं असेल म्हणावं, तर तेही नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या कोर्सेसची सहा वर्षांची आकडेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली. २०१७-१८ मध्ये कोर्स पूर्ण करणारे जेमतेम ३ टक्के. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी तर कोर्सचं पान उघडूनही पाहिलं नाही.

आणि एक. २०१३ मध्ये उडॅसिटी या ऑनलाइन कोर्सवाल्या कंपनीने सॅन होजे स्टेट विद्यापीठाबरोबर प्राथमिक गणित वगैरे ऑनलाइन शिकवायचा प्रयोग केला. निकाल असा लागला की त्याच वर्षी जुलैत तो थांबवावा लागला. ज्यांना शिकण्यात आधीच अडचण होती त्यांनाच हे माध्यम सर्वात कमी झेपलं. ज्याला शिकायची सवय आहे तो कशानेही शिकतो, त्याचं श्रेय कोर्सला देऊ नका.

बाइट_साहेब:
७,१५७ माणसं सर्किट्सचा एमआयटी दर्जाचा पेपर पास झाली हे तुम्हाला कमी वाटतं? एका वर्गखोलीत एवढी माणसं शिकवायला किती वर्षं लागली असती? आणि नाव नोंदवणं म्हणजे दाराशी उभं राहून आत डोकावणं. डोकावणाऱ्यांना नापास कशाला धरायचं?

शून्यलब्धी:
करकरीत यांनी त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सोडला. ज्यांनी पैसे भरून सर्टिफिकेटचा मार्ग घेतला त्यांच्यात पूर्ण करणारे ४६ टक्के होते. म्हणजे खिसा हलका झाला की माणूस टिकतो, किंवा टिकणारा माणूसच खिशात हात घालतो. नक्की कोणतं, ते त्या आकड्यावरून ठरत नाही. सॅन होजेचा मुद्दा मात्र मान्य. तिथे मदतीला कोणीतरी शेजारी बसायला हवं होतं.

तळटीप:
गणित आणि प्रोग्रॅमिंगवाल्यांनी धागा काबीज करण्याआधी मानव्य शाखेचं बोलून घेते.

खिडकीतली_जागा, तत्त्वज्ञानासाठी ओपन येल कोर्सेस बघा. २००७ च्या शेवटी सुरू झालेला उपक्रम. कोर्स थोडे आहेत, पण खऱ्या वर्गातले, संपूर्ण सत्राचे. प्रत्येक व्याख्यानाची लिखित प्रत मिळते, वाचनाची यादी मिळते. शेली केगन यांचा मृत्यूवरचा कोर्स मी केलाय. टेबलावर मांडी घालून बसतात आणि आत्मा असतो का इथपासून सुरुवात करतात. प्लेटोचे आत्म्याच्या अमरत्वाबद्दलचे युक्तिवाद एकेक उचलून तपासतात आणि स्वतःचं मत लपवत नाहीत. ते मत पटलं नाही तर नेमकं कुठे पटलं नाही हे सांगता येण्याइतकी तुमची तयारी होते. हार्वर्डच्या मायकल सँडेल यांचा न्यायावरचा कोर्सही प्रसिद्ध आहे, २००९ पासून ऑनलाइन आहे. पहिल्याच तासाला सुटलेली ट्रॉली, रुळावरचे पाच आणि एक, असा पेच टाकतात आणि हजार मुलांना बोलतं करतात. मनोरंजक आहे, पण मला केगन जास्त आवडले. सँडेल यांच्या वर्गात टाळ्या जरा जास्त आहेत.

खरी गोष्ट पुढे आहे. बाइट_साहेबांची चूक यंत्र दाखवतं, शून्यलब्धींची चूक उत्तरांची पुस्तिका दाखवते. माझा निबंध कोण वाचणार? तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य हे विषय लिहूनच शिकतात. तुमच्या युक्तिवादात भोक आहे हे कोणीतरी वाचून सांगावं लागतं. मोठ्या कोर्सेसमध्ये यावर तोडगा म्हणजे विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे निबंध तपासायचे. माझ्या एका निबंधावर "छान. आवडलं." एवढाच शेरा आला होता. दुसऱ्याला मी एक पानभर टिपण दिलं, त्याला ते अपमानास्पद वाटलं. आणि आताशा समोर येणारे निबंध यंत्राकडून लिहून घेतलेले असतात, ते वाचताना झोप येते.

अपवाद आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे अल फिलराइस २०१२ पासून आधुनिक अमेरिकी कवितेचा कोर्स चालवतात, त्याला सगळे मॉडपो म्हणतात. तिथे व्याख्यानच नाही. आठ-दहा जण टेबलाभोवती बसून एक कविता ओळीओळीने वाचतात, अडतात, भांडतात. चर्चेच्या पानांवर शिकवणारी माणसं खरंच उत्तर देतात. म्हणून तो जिवंत आहे.

खिडकीतली_जागा:
तळटीप, हे फार उपयोगी. "माझी चूक कोण दाखवणार" या प्रश्नाने अर्धी यादी आपोआप गळेल. अर्थशास्त्राचं कोणी सांगेल का?

बाकावरचा_बंडू:
आलो.

अर्थशास्त्रात दोन वाटा आहेत, सिद्धांताची आणि आकडेवारीची. सिद्धांतासाठी येलचे बेन पोलॅक यांचा गेम थिअरीचा कोर्स. वर्गात खेळ खेळायला लावतात आणि मग समीकरण मांडतात. रॉबर्ट शिलर यांचा फायनान्शियल मार्केट्स ओपन येलवर दोनदा आहे, २००८ आणि २०११ चा. हिशेबाच्या नोकरीतल्या माणसाने दोन्ही शेजारी ठेवून बघावेत. २००८ चं चित्रण लेमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडायच्या आधीच्या सत्रातलं आहे. शिलर घरांच्या किमतींच्या फुग्याबद्दल बोलतायत आणि समोरच्या मुलांना, आणि तसं पाहिलं तर कोणालाच, सप्टेंबरमध्ये काय होणार ते ठाऊक नाही. त्यांना २०१३ मध्ये नोबेल मिळालं.

पण ताप हवाय म्हणालात ना? मग एमआयटीचा १४.७३, जागतिक दारिद्र्यावरचा. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर द्युफ्लो शिकवतात, २०१९ चे नोबेलवाले. गरीब घरात मूल शाळेत का जात नाही, कर्ज मिळाल्याने धंदा वाढतो का, असे प्रश्न घेतात आणि मग हे तपासायचं कसं, यावर येतात. मत आधी आणि पुरावा नंतर, अशी आपली सवय तिथे मोडते. हा कोर्स एका मायक्रोमास्टर्सचा भाग आहे. त्यात पाच कोर्स आणि परीक्षा करून नंतर एमआयटीच्या मास्टर्सला अर्ज करता येतो. त्यासाठी आधीची पदवी असण्याचं बंधन नाही, आणि शुल्क उत्पन्नानुसार ठरतं. मला नाही वाटत तुम्हाला तिथवर जायचंय, पण माहीत असावं.

प्रयोगवही:
विज्ञानाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून. "सगळेच विषय ऑनलाइन शिकता येतात" हे वाक्य प्रयोगशाळेच्या दाराशी अडतं.

वाचून समजायचा भाग उत्तम मिळतो. जीवशास्त्रासाठी एरिक लँडर यांचा एमआयटीचा ७.००एक्स. वर्तनाचं जीवशास्त्र हवं असेल तर स्टॅनफर्डचे रॉबर्ट सापोल्स्की, २०१० ची पंचवीस व्याख्यानं यूट्यूबवर. त्यांच्याबद्दल एकच तक्रार, एक लावलं की पुढचं लावावंसं वाटतं आणि सकाळी ऑफिस असतं. भौतिकशास्त्राला येलचे राममूर्ती शंकर. आणि कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, हे कोर्स नसून सिम्युलेशनचा साठा आहे, २००२ पासून चालू. कार्ल वीमन या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केलं. त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. परिपथात दिवा जोडायचा, तार काढायची, काय होतं बघायचं.

पण सिम्युलेशनमध्ये काचेचं भांडं फुटत नाही. ब्युरेटचा शेवटचा थेंब कधी थांबवायचा, तराजूचा आकडा हलतोय तर तो वाऱ्याने की हाताने, बशीत वाढवलेलं जिवाणूंचं कल्चर खराब झालंय हे वासावरून ओळखणं, हे पडद्यावर येत नाही. हा प्रश्न नवाही नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये शिकवायला सुरुवात केली तेव्हा व्याख्यानं बीबीसीवर लागायची आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या घरी प्रयोगाचं साहित्य पेटीतून पाठवायचे. त्यात मॅकआर्थर नावाच्या माणसाने बनवलेला छोटासा मायक्रोस्कोप असायचा. आता त्याच विद्यापीठाची खरी उपकरणं इंटरनेटवरून दूर बसून चालवता येतात, टेनेरिफ बेटावरची दुर्बीणसुद्धा. खगोलशास्त्राला हे फारच चपखल बसतं, कारण खरे खगोलशास्त्रज्ञही आजकाल दुर्बिणीला डोळा लावत नाहीत, पडद्यासमोरच बसतात. रसायनशास्त्राला मात्र प्रत्यक्ष जावंच लागतं. पूर्ण रसायनशास्त्र पदवी घरबसल्या, एकही दिवस प्रयोगशाळा नाही, असं कोणी सांगत असेल तर दोनदा चौकशी करा. नर्सिंग आणि वैद्यकाबद्दल तर बोलायलाच नको.

करकरीत:
आणि कायदा. कायदा देशागणिक बदलतो. परदेशी विद्यापीठाचा घटनेवरचा कोर्स ऐकायला झकास, वकिली करायला निरुपयोगी. संगीताचंही तेच. ऐकायला शिकता येतं, पण बोट चुकीचं पडतंय हे कोण सांगणार?

(बघा, मीसुद्धा तळटीप यांच्याच प्रश्नावर आलो.)

दूरस्थ_दामू:
मी ऑनलाइन मास्टर्स करतोय, तर डिग्रीबद्दल लिहितो. लोक तीन गोष्टी एकत्र करतात. कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट, कॉलेज मोजतं ते क्रेडिट, आणि पूर्ण डिग्री. पहिल्याला दुसऱ्याची किंमत आपोआप येत नाही.

क्रेडिट हवं असेल तर ज्या कॉलेजात ते वापरायचंय त्यांना कोर्स सुरू करण्याआधी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. कोर्स देणारा "क्रेडिटसाठी पात्र" म्हणतो, पण घेणाऱ्याने स्वीकारायला हवं ना. डिग्रीच्या बाबतीत विद्यापीठाला मान्यता कोणाची आणि ती ऑनलाइन कार्यक्रमालाही लागू आहे का, हे मान्यता देणाऱ्या संस्थेच्याच यादीत बघा, विद्यापीठाच्या माहितीपत्रकात नव्हे.

चांगल्या डिग्र्या आहेत. लंडन विद्यापीठ १८५८ पासून बाहेरून परीक्षा घेतंय, म्हणजे हे सगळं इंटरनेटच्या आधीचं. जॉर्जिया टेकने जानेवारी २०१४ मध्ये कॉम्प्युटर सायन्सचं पूर्ण मास्टर्स ऑनलाइन आणलं. मिळते ती तीच डिग्री, जी वर्गात बसलेल्याला मिळते. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बीएस आहे. तिथे अभ्यास घरून, पण परीक्षा केंद्रावर जाऊन. एनपीटेलचंही तसंच. आयआयटी आणि आयआयएससी यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं हे काम. व्हिडिओ सगळ्यांना खुले, सर्टिफिकेट हवं तर केंद्रावर बसून परीक्षा. गुण २५ टक्के असाइनमेंटचे, ७५ टक्के परीक्षेचे. अभियांत्रिकीच्या वरच्या वर्गातले विषय, म्हणजे धातुशास्त्र, भू-तंत्र (माती आणि पाया), असे जे चकचकीत साइट्सवर कोणी ठेवत नाही, ते तिथे मिळतात.

परीक्षेला समोरासमोर बसवणाऱ्या कोर्सचं सर्टिफिकेट मी गंभीरपणे घेतो. बाकीच्यांचं भिंतीवर लावायला हरकत नाही.

जुनी_वही:
मी नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. एका साइटवर (नाव घेत नाही) कोर्स अर्ध्यात असताना तो "संग्रहित" झाला. व्हिडिओ राहिले, प्रश्नावल्या बंद. चर्चेच्या पानावर शंका विचारली तर शेवटचं उत्तर कित्येक महिन्यांपूर्वीचं. पैसे मात्र दर महिन्याला कापले जात होते. कोर्स घेण्याआधी चर्चेचं पान बघायची सवय लागली तेव्हापासून. शिकवणाऱ्यांपैकी कोणी अलीकडे उत्तर दिलंय का, एवढंच बघते.

बाइट_साहेब:
जुनी_वही, अगदी. या साइट्सचे मालकही बदलतात. एडएक्स हार्वर्ड आणि एमआयटीने २०१२ मध्ये ना-नफा म्हणून काढलं, २०२१ मध्ये टूयू या कंपनीला विकलं, आणि २०२४ मध्ये त्या कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. साइट चालू आहे, पण धडा घ्या. टिपणं, सोडवलेली गणितं, लिहिलेला कोड स्वतःच्या डिस्कवर ठेवा. ओपनकोर्सवेअरचे कोर्स तर पूर्णच्या पूर्ण उतरवून घेता येतात.

"मोफत" शब्दाच्या पोटात काय आहे तेही बघा. कुठे व्हिडिओ मोफत आणि प्रश्नावल्या पैसे भरल्यावर, कुठे ठरावीक मुदतीपुरतं मोफत, कुठे पहिलाच भाग. आणि ते बटण बारीक अक्षरात कोपऱ्यात असतं.

खिडकीतली_जागा:
सगळ्यांचे खूप आभार. ठरवलंय. आधी कॅल्क्युलसची उजळणी, मग स्टॅट ११०. त्याच्या जोडीला १४.७३, त्यातला आकडेवारीचा भाग नंतर परत करेन. शिलर यांची दोन सत्रं रविवारसाठी. सर्टिफिकेट कशाचंच घेत नाही.

तत्त्वज्ञानाचं तेवढं अडतंय. केगन यांची व्याख्यानं ऐकेन, पण निबंध कोणाला दाखवू?

तळटीप:
मला पाठवा. मी परत एकदा करायला तयार आहे, त्यांच्याशी माझं एक भांडण अपुरं राहिलंय. अजून कोणी येत असेल तर हात वर करा. चारपेक्षा जास्त नकोत, नाहीतर कोणी कोणाचं वाचत नाही.

प्रयोगवही:
मी येतो. इंग्रजी ऐकताना अडखळतो, पण लिखित प्रत आहे म्हणालात ना, ती आधी वाचून मग बघेन.

करकरीत:
मलाही घ्या. आत्मा नाही यावर माझं आधीच एकमत आहे, तरी चालेल का?

तळटीप:
चालेल, पण मग तुम्ही आत्मा आहे या बाजूने लिहायचं. :) पहिल्या चार व्याख्यानांवर टिपण, पाचशे शब्द, पुढच्या रविवारी रात्रीपर्यंत. एकच युक्तिवाद घ्या आणि तो कुठे ढिला पडतो ते दाखवा. व्याख्यानाचा सारांश पाठवलात तर न वाचता परत येईल. वेगळा धागा काढते, दुवा इथे देईन.